घरत सरांचा दम

"सर, खोल श्वास घ्या आणि एका दमात मोजायला लागा. जमेल तितकं. मध्ये श्वास घ्यायचा नाही."

"एका दमात?" खाटेच्या कडेवर बसलेल्या घरत सरांनी मान वर केली. "हे तू मला सांगतेस?"

शेजारच्या खाटांवरचे दोघंतिघं हसले. त्या एप्रिलमध्ये आमच्या वॉर्डात हसू ऐकू यायचं नाही. कोरोनाची दुसरी लाट नुकती चढत होती, खाटा भरल्या होत्या, आणि खिडकीबाहेरच्या मांडवात नातेवाईक दिवसभर ताटकळत असायचे. सरांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, श्वास भरून घेतला आणि मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. आवाज खणखणीत. वीस गेले, तीस गेले. चाळीस ओलांडले तेव्हा मीच हात वर केला.

"पुरे सर, पुरे."

"संपला नाय अजून," ते म्हणाले आणि मिशीत हसले. मग मास्क नीट करायच्या निमित्ताने त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. थोडा वेळ तसेच बसून राहिले.

त्याच्या पाच मिनिटं आधी वॉर्डबॉयने त्यांना चाकाच्या खुर्चीतून दारात आणलं होतं. मान खाली, हात मांडीवर सैल पडलेले. पीपीई किटमध्ये आम्ही सगळे सारखेच दिसायचो, म्हणून छातीवर आणि पाठीवर मार्करने नाव लिहायची पद्धत होती. मी पुढे होऊन म्हटलं, "सर, मी जागृती. म्हात्र्यांची." त्यांनी माझ्या छातीवरचं नाव वाचलं, खुर्चीचे हात धरले आणि उठून उभे राहिले. "ने रे ती खुर्ची," वॉर्डबॉयला म्हणाले, "म्हातारा झालो काय मी?" खाटेपर्यंत चालत गेले. मला वाटलं, ओळखीचं माणूस दिसलं म्हणून धीर आला. फार बरं वाटलं मला.

सर खरं तर कुठल्या शाळेत शिक्षक नव्हते. ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीवर कामाला होते. पहाटे गावाला पाणी सोडायचं, की मग खाडीकाठच्या मैदानावर आमची कबड्डी. हिराजी घरत हे त्यांचं नाव, पण आम्ही मुलींनी त्यांना सर केलं आणि मग सगळा गाव सर म्हणायला लागला. मुलींनी हाफ पँट घालून खेळायचं म्हटल्यावर पहिल्यांदा माझ्याच घरात भांडण पेटलं होतं. सर आमच्या ओटीवर येऊन बसले, बाबांनी दिलेला चहा प्याले आणि म्हणाले, "तुझी पोर डावा कोपरा धरते तेव्हा समोरच्या पोरी रडत जातात. तिला घरात ठेवून तू काय करनार?" पुढे मेडिकलला नंबर लागला तेव्हा राज्याच्या संघाची निवड चाचणी तोंडावर होती. सरांना सांगायला मी टाकीवर गेले. ते नळाची तोटी दुरुस्त करत होते. मान वर न करता म्हणाले, "खेळनाऱ्या पोरी मी अजून तयार करीन. डाक्टरीन मला कुठून करता येनार? जा."

त्यांचा सगळा खेळ दमाचा. आम्हाला ते पुन्हा पुन्हा एकच सांगायचे, चढाईला आलेलीचं तोंड बघू नका, पोट बघा. तोंड खोटं बोलतं. आवाज चढवून ती तुम्हाला फसवील, पण दम संपत आला की पोट आत ओढलं जातं. तेव्हा झेप घ्या. स्वतः ते साठीला आले तरी चढाई करून दाखवायचे आणि कितीही धावले तरी कधी धापा टाकताना दिसायचे नाहीत. दमलेलं माणूस आम्हाला समजायचं, सर दमलेले आम्ही पाहिलेच नव्हते.

आमच्या रुग्णालयाचे प्रमुख डॉ. केळुसकर. रिटायर व्हायला आलेले, कमी बोलणारे. रोज सकाळी राउंडच्या आधी ते आम्हा तरुण डॉक्टरांना एकच गोष्ट बजावायचे.

"माणूस कसा दिसतो यावर जाऊ नका. हा आजार फसवा आहे. हसत बोलणारा संध्याकाळी जातो आणि कण्हणारा घरी परततो. पहिल्या दोन दिवसांत शरीर सांगतं कोण कुठे जाणार. श्वास किती वेगाने चाललाय, चालवल्यावर ऑक्सिजन किती पडतो, रक्तात सूज किती आहे, पांढऱ्या पेशी किती घटल्यात. ते वाचा. ज्याची लक्षणं वाईट त्याला आत्ताच जिल्ह्याला पाठवा. नंतर पाठवून उपयोग नाही."

आमच्याकडे ऑक्सिजन होता, पण श्वास देणारी मोठी मशिनं नव्हती. ती जिल्ह्याच्या रुग्णालयात. तिथे खाट मिळणं म्हणजे नशीब. शिवाय रक्त आमच्याकडून शहरातल्या लॅबला जायचं, आणि लॅबवर इतका भार होता की रिपोर्ट यायला दीड-दोन दिवस लागत. तोवर आमच्या हाती बोटावर लावायचं ऑक्सिमीटर, आणि आपले डोळे.

सरांना मी सकाळ-संध्याकाळ तपासत होते. दर वेळी ते उठून बसलेले असायचे, ऑक्सिजनचा मास्क हनुवटीखाली ओढलेला.

"मास्क का काढला, सर?"

"तुझ्याशी बोलायचं तर त्याच्यातून काय आवाज फुटतो? लाव तुझा चिमटा." मग बोट पुढे करायचे, आणि लगेच मागे घ्यायचे. "थांब जरा. हात गार पडलेत, चोळतो." हात चोळता चोळता नाकाने लांब श्वास घ्यायचे. मग आकडा यायचा त्र्याण्णव, चौऱ्याण्णव. मी पोट बघत होते, त्यांनीच शिकवलं होतं तसं. पोट संथ होतं. मी व्हरांड्यात चालवलं. त्या टोकापर्यंत गेले, आले, ऑक्सिजन थोडासाच उतरला. खाटेवर बसताना म्हणाले, "पोरींची प्रॅक्टिस बंद पडली गो. लॉकडाऊन उठला की बघ, सगळ्या जाड होऊन येनार." आणि मला हसू आलं.

त्यांच्या शेजारच्या खाटेवर नारायण तांडेल म्हणून एक होडीवाले होते. ते मात्र बघवत नव्हते. बसता येत नव्हतं, ओठ काळे पडलेले, दोन शब्द बोलले की खोकल्याची उबळ. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याहून फोन आला की एक खाट मोकळी झाली आहे, तासाभरात कुणाला पाठवता ते सांगा. दोघांचेही रक्ताचे रिपोर्ट आले नव्हते. केळुसकर सरांनी दोघांचे कागद पुढ्यात घेतले.

"हे घरत तुझ्या ओळखीचे ना?"

"माझे कबड्डीचे सर आहेत."

"वयाने मोठे आहेत, ताप जास्त दिवसांचा आहे. मला तेच आधी जायला हवेत असं वाटतंय. पण तुझे आकडे तसं म्हणत नाहीत." त्यांनी चष्मा काढला. "ओळखीचं माणूस आपण तपासू नये, जागृती. संध्याकाळी पटवेकरला एकदा बघायला सांग."

"सांगते, सर."

खाट तांडेलांना मिळाली. तेव्हा जे दिसत होतं त्यावरून दुसरं काही ठरवता आलंच नसतं, हे केळुसकर सर पुढे मला अनेकदा म्हणाले. तांडेल वाचले. अजून होडी घेऊन जातात.

शाहिद पटवेकर माझ्याबरोबरचा डॉक्टर. संध्याकाळी त्याला मी सरांकडे बघायला सांगितलं, आणि तो हो म्हणाला. पण वॉर्डात शिरायच्या आधीच त्याला थंडी भरून आली. सकाळी त्याचाच रिपोर्ट पॉझिटिव्ह. वॉर्डात उरले मी आणि दोन सिस्टर.

त्या दिवशी दुपारी जेवणाचा डबा उघडलाच होता, तेवढ्यात फोनवर लॅबचे रिपोर्ट येऊन पडले. घरत, हिराजी. सूज सांगणारा सीआरपी पाहिला आणि मला वाटलं नाव चुकलं असेल. रक्ताच्या गाठी दाखवणारा डी-डायमर भलताच. पांढऱ्या पेशींमधल्या ज्या टिकायला हव्या, त्या जवळजवळ संपलेल्या. केळुसकर सर ज्या माणसाचं वर्णन रोज करायचे, तो माणूस या कागदावर होता. तो माझ्यासमोर हात चोळत हसत होता. दोन्ही एकदम खरं कसं असेल, हे मला कळेना.

माझी वॉर्डात जायची वेळ चारची होती. मी डबा तसाच ठेवून उठले. त्या दिवशी किट कमी आले होते. कपाटात एक न वापरलेला पडला होता, पटवेकरने आदल्या संध्याकाळी स्वतःसाठी नाव लिहून ठेवलेला. छातीवर आणि पाठीवर मोठ्या अक्षरांत, डॉ. पटवेकर. नाव खोडत बसायला वेळ कुणाला होता? तोच चढवला. माझी उंची बेताची नाही, मापाने बसला.

सर डाव्या कुशीवर पडले होते. मास्क तोंडाला घट्ट, दोन्ही हातांनी धरलेला. प्रत्येक श्वासाला खांदे वर येत होते, गळ्याखालची खळगी आत जात होती, आणि पोट... पोट असं ओढलं जात होतं की मैदानावर असते तर मी तेव्हाच झेप घेतली असती. ऑक्सिमीटर लावलं. मास्क असून चौऱ्याऐंशी.

मी तोंड उघडणार इतक्यात त्यांनी डोळे किलकिले केले. माझ्या छातीवरचं नाव वाचलं.

"पटवेकर साहेब ना? ती बोलली होती... तुम्ही येनार म्हणून."

मी गप्प राहिले. फेसशिल्डवर वाफ धरली होती, आतून मलाच समोरचं धूसर दिसत होतं.

"बरं झालं आता आलात. चार वाजता... ती येते." एकेका शब्दाला थांबत होते. "दम पुरत नाय, साहेब. आलो तेव्हापासून. काल... संडासाला गेलो तर डोळ्यांपुढे अंधारी. धरून धरून आलो."

मी त्यांचं मनगट धरलं. नाडी बघायला धरलं, आणि मग सोडलं नाही.

"ती यायच्या आधी मी उठून बसतो. जोरजोरात श्वास घेतला... की तो आकडा चढतो. तिच्यासमोर तेवढा वेळ... निभतं. मग ती गेली की..." त्यांनी हात हलवला. "त्या दिवशी चालवलं तिनं. परत आलो तेव्हा वाटलं, गेलो आता."

मी नुसती मान हलवली.

"काय औषध असेल ते द्या. पाठवायचं तर पाठवा. मी नाय म्हननार नाय. पन तिला नका सांगू." थोडा वेळ फक्त श्वासच चालला. "तिनं मला कधी दमलेला बघितला नाय."

मी बोलले नाही. त्याचं एक कारण मी नंतर सगळ्यांना सांगितलं आणि ते खोटं नाही. माझा आवाज ऐकला असता तर ते उठून बसले असते, मास्क खाली ओढला असता, हसून दाखवलं असतं, आणि जो थोडा श्वास उरला होता तो त्यात घालवला असता. त्या अवस्थेत माणसाला उठून बसवणंही धोक्याचं असतं. म्हणून मी पटवेकरच राहिले. सिस्टरला खुणेने बोलावलं, दोघींनी मिळून त्यांना पालथं केलं, मोठा मास्क लावला. कानाजवळ जाऊन मी काहीतरी म्हणायला हवं होतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तो तसाच ठेवला, आणि मग बाहेर येऊन जिल्ह्याला फोन लावायला बसले.

केळुसकर सरांनी स्वतः फोन हातात घेतला. त्यांना मी पहिल्यांदाच कुणापुढे गयावया करताना पाहिलं. तासाभराने खाट मिळाली. तेवढ्यात मी त्यांना सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, "तू नसतीस तर पहिल्या दिवशीच त्यांनी सगळं सांगितलं असतं." लगेच त्यांच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. "म्हणजे तसं नाही गं," म्हणाले. पण ते तसंच होतं. घरत सरांना माझ्या वॉर्डात ठेवून घ्या असा हट्ट मीच धरला होता. सरांना दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला माझं मन तयार नव्हतं.

ॲम्ब्युलन्स मागच्या दाराला लागली. आम्ही स्ट्रेचर बाहेर काढलं तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं, आणि सरांनी डोळ्यांवर हात धरला. मग बोटांच्या फटीतून इकडेतिकडे बघितलं.

"चार वाजले?" त्यांनी विचारलं.

सिस्टर म्हणाली, "वाजतील आता, काका."

"आली नाय अजून." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे पटवेकरकडे. "तिला बोला... सर जरा बाहेर पडलेत. येतात."

मी मान हलवली. दार लागलं. ॲम्ब्युलन्स गेटातून वळेपर्यंत मी तिथे उभी होते. तेवढ्यात खूप काही करता आलं असतं. शिल्ड वर करून तोंड दाखवता आलं असतं. दारावर थाप मारता आली असती.

जिल्ह्याच्या डॉक्टरांशी मी रोज बोलत होते. पहिले दोन दिवस मशिनवर जरा सुधारले म्हणाले. मग घशात नळी घालावी लागली. नळी घातल्यावर माणूस बोलत नाही. आठवडाभराने ते गेले. अंत्यसंस्कार तिथेच, नगरपालिकेच्या माणसांनी केले. गावात कुणी त्यांना शेवटचं पाहिलं नाही.

सरांच्या बायकोकडे, काकीकडे, जायला मला पावसाळा उजाडला. आधी ती स्वतः आजारी होती, मग माझीच पावलं वळत नव्हती. गेले तेव्हा ती ओटीवर बसून बिरडं सोलत होती. मोड आलेल्या वालांचं मोठं पातेलं पुढ्यात, सालींचा ढीग बाजूला. मला पाहून रडली नाही. सरकून जागा केली आणि पातेलं मध्ये घेतलं. मीही सोलायला लागले.

सालींचा ढीग वाढत गेला.

"माझ्याशी फोनवर बोलले ते पहिल्या दिवशी," काकी म्हणाली. "बोलले, जागूच्या हाताखाली हाय, तू घोर करू नको. मग फोन उचललाच नाय." तिने एक वाल दाबून पातेल्यात सोडला. "तुझ्याशी शेवटचं काय बोलले गो?"

मी ठरवून गेले होते की सांगायचं नाही. तरी सांगितलं. खुर्चीतून उठून उभं राहणं, हात चोळणं, पटवेकरचं नाव, मनगट. ॲम्ब्युलन्सही सांगितली. सांगताना माझे हात थांबले होते, तिचे चालू होते.

"म्हंजे ते तुझ्याशी बोललेच नाय," ती म्हणाली. "त्या दुसऱ्या डाक्टरशी बोलले."

"हो."

"आनि तू तिथंच."

"मी बोलले असते तर ते उठून बसले असते, काकी. त्यांच्या जिवाला—"

"हां. ते तुम्हाला कलतं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. "घरात पायात काटा मोडला तरी माझ्यासमोर डोल्यांत पानी आनायचा मानूस. पोरींसमोर तेवढा वाघ." ती जराशी हसली, पदराने नाक पुसलं. "मग गाडीत चढवताना तरी सांगायचं ना गो बाय. सर, मीच हाय."

"त्यांना लाज वाटली असती."

काकीने हातातला वाल तसाच धरून ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"वाटली असती," ती म्हणाली. "घडीभर वाटली असती. मग गेली असती. एकटा तरी नसता गेला."